तारा चढताना बोलायचं नाही

काही लोकांनी आकाश शहराच्या नावावर करून घेतलं आहे. नाव घेत नाही. पण जंगलात राहणाऱ्या माणसानं काही पाहिलं म्हणून सांगितलं, तर ते त्याला दिसलं नसणार असं धरून चालायचं, हा कायदा कुणीतरी केला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. भिंगं त्यांच्याकडे, छापखाने त्यांच्याकडे, आणि आकाश झाकणारा धूरही त्यांच्याचकडे. आमच्याकडे नुसता अंधार. तो मात्र अव्वल दर्जाचा.

या अंधारात बसून आमच्याकडे किस्से साठले. साठणारच. तारे पाहणं म्हणजे मुख्यतः ढग जाण्याची वाट पाहणं. डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून शेकोटी नाही, बिडी नाही. मग उरतं काय? बोलणं. पुढे तेही बंद झालं, पण ते नंतर.

मी नागभीडच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शहरातल्या ज्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो, तिथून हातापाया पडून एक तीन इंची दुर्बीण उसनी आणली. देताना अट घातली गेली : एका ताऱ्याच्या तेजाची एक पूर्ण चढण दाखवा. तळापासून माथ्यापर्यंत, मध्ये न तुटलेली, दोघांनी वेगवेगळी पाहिलेली आणि दोघांची जुळलेली. याच हिवाळ्यात. नाहीतर दुर्बीण परत. "तिकडच्या निरीक्षणांवर भरवसा कसा ठेवायचा, तुम्हीच सांगा," असंही वर ऐकून घेतलं. दुर्बीण गेली असती, तर मी पुन्हा फळ्यावर खडूनं तारे काढत बसलो असतो.

* * *

तारा निवडला तो अभिजित आणि हंस यांच्या मधला. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्यात जुन्या पिढीतला. सूर्य त्याच्यापुढे कालचं पोर. इतका जुना की तो घडला तेव्हा विश्वात लोखंडासारखे धातू जवळपास नव्हतेच, म्हणून त्याच्या अंगातही फारसे नाहीत. आणि हा म्हातारा आकुंचन पावतो, फुगतो, पुन्हा आकुंचन पावतो. एका फेऱ्याला साडेतेरा तासांहून थोडं अधिक. मंदावतो सावकाश, पण उजळतो भराभर, दोन-अडीच तासांत. ती चढण आम्हाला हवी होती.

हे सगळं मी आमचे ड्रॉइंग मास्तर मुरारभाऊ यांना समजावलं. मुरारभाऊ इथलेच, वयानं माझ्या दुप्पट. रंगांच्या छटा ओळखणारा डोळा म्हणून मी त्यांना दुसरा निरीक्षक नेमलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे अंगात लोखंड नाई, वय झालं, अन दिवसातून दोनदा फुगते?"

"जवळजवळ."

"मंग त्यासाठी वर काऊन पाहाचं, मास्तर? आमच्या घरी सासरा हाय ना."

* * *

वेळ अचूक लागते. माझं घड्याळ दिवसाला किती मागं पडेल याचा नेम नव्हता. पण दुपारी चारला सगळ्या स्टेशनांना तारेनं वेळ येते, आणि आमच्या स्टेशनचे तारबाबू तिवारीबाबू माझे स्नेही. आमच्या मंडळातले तिसरे.

पहिल्याच दिवशी मी शाळेतून धावत पोहोचलो. फलाटावर छोटी गाडी उभी, गार्ड खोळंबलेला, उतारू खिडकीतून ओरडत होते. आणि मी तिवारीबाबूंच्या टेबलावर वाकून विचारत होतो, "चार वाजून किती सेकंद? नक्की किती?"

गार्ड म्हणाला, "याला आधी बाहेर काढा."

तिवारीबाबूंनी मला बाहेर काढलं नाही. घड्याळ लावू दिलं, गाडी सोडली, मग चष्मा पुसत म्हणाले, "मास्टरजी, इतने साल से यहाँ हूँ. किसी ने सेकंड नहीं पूछा. यहाँ लोग आकर वार पूछते हैं."

* * *

जागा मिळाली तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या खळ्यावर. खळं पार्वताबाईंचं. धानाचे पुंजणे रचलेले, राखणीसाठी उंच मचाण, शेजारी एक झोपडी. पार्वताबाईंनी एवढंच विचारलं, "तुमची ती नळी धानाकडं तर नाई ना वळत?"

आमची पद्धत अशी. शेजारचे दोन तारे ठरलेले, एक उजळ, एक मंद. आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो, याचा आकडा ठरवायचा. एकानं दुर्बिणीला डोळा लावायचा, दुसऱ्यानं पाठ करून लांब बसायचं. आकडा झोपडीच्या कुडाला तोंड लावून हळूच सांगायचा. आत गोधडी टांगून कंदिलाशी बसलेले तिवारीबाबू तो वेळेसह टिपायचे. मग पाळी बदलायची. एकाचा आकडा दुसऱ्याला कळता कामा नये.

आता बाहेरून हे कसं दिसत असेल? तीन माणसं, पाळीवर, अंधारात, कुडाशी कुजबुजणारी.

पहिली चढण सुरू झाली आणि पाळीवरून पेट्रोमॅक्स येताना दिसली. मागे पाटील, त्यांच्या मागे आठ-दहा माणसं, दोघांच्या हातात कुदळी. तो पांढरा उजेड डोळ्यांत घुसला आणि तारा गेला. पुन्हा दिसायला लागेपर्यंत चढण संपलेली असणार.

मी ओरडलो, "बत्ती विझवा आधी!"

पाटलांनी बत्ती आणखी उंच धरली. "मास्तर, तुमी शिकलेले आहा. गुप्तधनात गावाचाबी हिस्सा असते, हे काऊन सांगाव लागते?"

मी दुर्बीण दाखवली, तारा समजावला, म्हातारपण, फुगणं, सगळं. पाटलांनी ऐकून घेतलं आणि मागच्यांना म्हणाले, "कुदळी इथीच ठेवा. हा मानूस खोटं बोलत असन तर यापेक्षा बरं बोलला असता."

* * *

पुढची संधी आमची होती. चढण संध्याकाळी दिसण्याची संधी दर चार दिवसांनी येते, आणि येते तेव्हा पाऊण तास अलीकडे सरकलेली असते. सरकत सरकत ती संधिप्रकाशात बुडाली की हिवाळ्याचं काम संपलं. मी दिवस मोजले, वेळ काढली, दोघांना सांगितली.

आकाश स्वच्छ होतं. मी पाहिलं, तारा उजळत होता. मुरारभाऊंनी पाहिलं. माझा आकडा चढत गेला. त्यांचाही चढत गेला, हे नंतर कळलं. शेवटी तिवारीबाबूंनी दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या. काय जुळल्या होत्या! मी मुरारभाऊंना मिठी मारली.

तिवारीबाबू भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं तसं हवेत पाहत होते. "मास्टरजी, चार दिन गिने, तो पहला दिन भी गिना?"

पहिला दिवसही धरला होता. चढण उद्या होती. मी खोलीवर जाऊन हिशेब पुन्हा मांडला. त्या संध्याकाळी तारा नुकताच माथ्यावर येऊन गेला होता. आम्ही पाहत होतो तेव्हा तो उतरत होता. आणि आम्ही दोघांनी, वेगवेगळं, पाठ करून, प्रामाणिकपणे, त्याला चढताना पाहिलं होतं.

ते शहरातले लोक माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मला झोप आली नाही.

मुरारभाऊ सकाळी शाळेत भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मास्तर, तुमी सांगतलं का आता चढते, म्हनून तो मले चढला. पोराचं चित्र सायबाच्या पोराचं हाय म्हनून सांगतलं तर तेबी चांगलं दिसते."

म्हणून नवा कायदा झाला, आमचा आम्ही केलेला. वेळ तिवारीबाबू काढणार आणि कुणाला सांगणार नाहीत. फक्त "आज आना" म्हणणार. आणि खळ्यावर पाय ठेवला की एक शब्द नाही. हुंकार नाही, सुस्कारा नाही. सुस्काऱ्यातूनसुद्धा कळतं.

* * *

त्याच संध्याकाळी तलावावरून धुई आली आणि भिंगावर दव धरलं. मी कुडाशी होतो. वळून पाहतो तर मुरारभाऊ धोतराच्या सोग्यानं भिंग पुसत होते.

कायदा होता, म्हणून मी ओरडलो नाही. हात जोडले, मग डोकं धरलं, मग खाली बसलो. अंधारात त्यांना यातलं काहीच दिसलं नाही.

काचेवर धुक्यासारखा तेलाचा पट्टा. तीही संध्याकाळ गेली. परतीच्या वाटेवर मला एकदम कंठ फुटला, तेव्हा ते म्हणाले, "काच पुसली, मास्तर. नरडं नाई दाबलं कोनाचं." आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, "उद्या रिठ्याच्या पान्यानं निघन काय जी?"

निघालं.

* * *

मग दोन संधी ढगांनी खाल्ल्या. तिवारीबाबूंनी शेवटचं "आज आना" म्हटलं तेव्हा पुढे "जल्दी" हा शब्द जोडला. त्यावरून मी समजलो. चढण संधिप्रकाशाच्या काठावर आली होती. यानंतर नाही.

पश्चिमेचा उजेड पुरता गेला नव्हता. मी दुर्बिणीला डोळा लावला. तारा होता, तळाशी, मंद. इतक्यात मागून मुरारभाऊ अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मास्तर..."

शेवटच्या संध्याकाळी! मी डोळा न काढता दातांतून म्हणालो, "एक शब्द नको."

ते गप्प झाले. मी आकडा ठरवला, कुडाशी जाऊन सांगितला आणि माझ्या जागेवर येऊन पाठ करून बसलो. म्हणजे पाळीकडे तोंड करून. तेव्हा मला वाघ दिसला.

पाळीवर बसला होता. मागे तांबूस उजेड, पुढे तो, कान स्पष्ट. आमच्या आणि त्याच्या मध्ये धानाचा एक पुंजणा.

मुरारभाऊ दुर्बिणीवर वाकलेले होते, त्याच्याकडे पाठ करून. बोलावं तर चढण गेली, दुर्बीण गेली, सगळंच गेलं. न बोलावं तर... ते पुढे मी मनात पूर्ण केलं नाही. झोपडीचं दार त्याच्या बाजूला होतं, म्हणजे आम्हाला आत पळता येत नव्हतं; तिवारीबाबू मात्र आत सुरक्षित होते. मुरारभाऊंनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. कुडाशी गेले. परत आले. अंधारात आमचे खांदे घासले, तेव्हा त्यांचा खांदा थरथरत होता. मी समजलो, थंडी.

माझी पाळी. आता पाठ माझी.

मग उजेड गेला, आणि वाघ आहे की नाही हेही कळेनासं झालं. ते जास्त वाईट. पलीकडे पाणी एकदा हललं. एकदा वास आला. तारा उजळत होता. या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं आणि तो उजळत होता, उजळ शेजाऱ्याला गाठत होता, आणि माझ्या मानेवरचा प्रत्येक केस उभा होता. पाळी बदलली, पुन्हा बदलली. कुणी बोललं नाही. शेवटी तारा तिथेच थांबला. दोन पाळ्या तो हलला नाही. माथा.

तिवारीबाबू कंदील घेऊन बाहेर आले. "दोनों चढे. दोनों साथ में चढे. और मेरे निकाले टाइम पर चढे."

मी म्हणालो, "वाघ."

मुरारभाऊ म्हणाले, "मंग तेच तर सांगून राह्यलो होतो."

तिवारीबाबू कंदिलासकट खाली बसले. तेवढ्यात मचाणावरून पार्वताबाईंचा आवाज आला. त्या सुरुवातीपासून वरच होत्या, रिकामा डबा आणि काठी मांडीवर घेऊन.

"आत्ताच उठून गेला तो," त्या म्हणाल्या. "डबा वाजवाले मी हात उचलला होता. पन तुमी एक जन नळीपाशी, एक जन गुपचूप बसून, अन तो बी तसाच गुपचूप बसून. मले वाटलं, त्याचीबी पाळी येनार हाय."