एकेचाळीस नंबरचा कोट

रीगाच्या आमच्या संसदेत ओटीलियाबाई सभासदांचे कोट सांभाळायच्या; मी त्यांच्या हाताखाली होते. कोट ठेवताना मिळालेला नंबरचा पितळी बिल्ला परत दिल्याशिवाय मंत्र्यालाही कोट मिळायचा नाही. एकोणीसशे चौतीसच्या मे महिन्यात पंतप्रधानांनीच सगळी सत्ता बळकावली; संसदेला कुलूप लागलं, धरपकड सुरू झाली. खुंटीवर एकच कोट उरला. त्याचा मालक मागच्या दाराने निसटला होता.

साध्या कपड्यातला पोलीस कोट मागायला आला.

"बिल्ला?" बाईंनी विचारलं.

"अहो, सरकारी काम आहे!"

"मग बिल्ला आणा की!"

तो गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "बिल्ला यांच्या हाती नाही, म्हणजे माणूसही नाही गं." तरी दारात पाऊल वाजलं की त्या आधी खुंटीकडे बघायच्या.

ऑक्टोबरात तोच पोलीस आला. त्याने फळीवर बिल्ला ठेवला. एकेचाळीस.

बाईंनी कोटाची धूळ झटकली. म्हणाल्या, "थंडी पडलीय. त्याच्या अंगावर घाला हो."