एक्केचाळिसावा हात

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे पाय उलटे झालेत, ही बातमी इमारतभर व्हायला एक संध्याकाळ पुरली. आधी पाहिलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी. लिफ्ट आठवडाभर बंद, दोन्ही हातांत पिशव्या, जिन्यातला दिवा नेहमीप्रमाणे गेलेला. आणि समोर पायऱ्यांवर बाई. तोंड वहिनींकडे, नजर वहिनींच्या आरपार. वहिनी पुढे सरकल्या, तशा बाई तोंड न फिरवता मागे मागे, वर वर, अंधारात शिरायला लागल्या. वहिनींनी पिशव्या जागीच टाकल्या. एक कांदा गडगडत तळघरात गेला. रात्रीपर्यंत त्या कांद्याची कवटी झाली होती.

तर आधी हे निस्तरू. बाईंचे पाय सरळ आहेत. टाचांना भेगा आहेत, डाव्या गुडघ्याला पट्टा आहे, आणि पट्टा बांधून हिंडणारं भूत अजून कुणाच्या ऐकिवात नाही. बाई उणे गुणिले उणे करत होत्या.

बाई एकाच शाळेत एकतीस वर्षं सातवीला गणित शिकवतात. मुलं त्यांना वजाबाई म्हणतात, अर्थात पाठीमागे, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या तासाला बाकावर बसणं फारसं होत नाही. कोन शिकायचा तर वर्गाचं दार उघडायचं आणि किती उघडलं ते सांगायचं. अपूर्णांकांना रद्दी पेपरच्या घड्या. आणि ऋण संख्या आल्या की अख्खी वरात जिन्यावर. मधल्या एका पायरीवर खडूने शून्य काढलेलं. वर अधिक, खाली उणे. पहिली संख्या उणे असली तर तोंड खालच्या बाजूला करायचं. दुसरी उणे असली तर उलटं, मागे मागे चालायचं. उणे दोन गुणिले उणे तीन! तोंड खाली, पावलं मागे, दोन-दोन पायऱ्या तीनदा. आणि थांबून बघावं तर स्वारी शून्याच्या वर, सहाव्या पायरीवर! हेडमास्तर कपाळाला हात लावतात. मुलं घंटा झाली तरी हलत नाहीत. "बाई, ह्याने दोनदा केलं! आता मी!"

मग बाईंना धास्ती कसली? हातांची.

प्रश्न टाकला की हात वर होतात आणि बाई सवयीने मोजतात. वर्गात मुलं चाळीस. हात एक्केचाळीस. जास्तीचा हात खिडकीशेजारच्या तिसऱ्या बाकावर असतो. पुरता वर नाही, कोपरात दुमडलेला, विचारू की नको असा. बाई चष्मा पुसून पुन्हा मोजतात. चाळीस. मग घाईघाईने भलत्याच बाकाकडे बोट करतात.

हा हात सव्वीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा जिना-बिना काही नव्हतं. होती ती पट्टी. "उणे गुणिले उणे अधिक, पाठ करा." त्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "पण का, बाई?" बाई म्हणाल्या, "नियम आहे." ती म्हणाली, "कुणी केला?" वर्ग खो खो हसला. तिसऱ्यांदा हात वर आला, तेव्हा बाईंनी तिला दाराबाहेर उभं केलं. मुलगी उद्धट नव्हती. बाईंनाच उत्तर येत नव्हतं. पुढे वर्षभर तिचा हात कोपरापर्यंत यायचा आणि खाली जायचा. मग कोपरापर्यंतही येईना.

आता ती मुलगी कुठे आहे म्हणाल, तर इथेच खरी मेख आहे. ती दर तीन महिन्यांनी ह्याच इमारतीत येते. लिफ्टची मेकॅनिक आहे. ती आली की बाई दाराला आतून कडी घालतात आणि भोकातून बघत राहतात.

"अगं, ती लिफ्ट तपासायला येते, तुला नाही," बाईंचे यजमान म्हणतात. छापखान्यात जन्म गेलेला माणूस, चुका दाखवायची खोड जात नाही.

"माहीत आहे मला."

"मग कडी कशाला?"

बाई खडू घेऊन जिन्याकडे वळतात, इमारतीतल्या पायरीवर शून्य काढायला. गेली नऊ वर्षं रोज साडेचारला त्या जिन्यावर तालीम करतात, कधीतरी दार उघडून तिला नीट सांगता यावं म्हणून. लिफ्ट चालत होती तोवर जिना ओसाड होता. लिफ्ट बिघडली आणि बिंग फुटलं.

त्यात सेक्रेटरींनी नोटीस लावली: ही दुरुस्ती झाली की लिफ्टचं काम दुसऱ्या कंपनीकडे. म्हणजे ती आता येणार एकदाच.

ती आली तेव्हा बाई नेमक्या चौथ्या पायरीवर होत्या, तोंड खाली, एक पाय मागे हवेत. ती हत्यारांची पिशवी घेऊन तळघरातून वर येत होती. समोरासमोर गाठ पडली. कडी घालायला दार नव्हतं.

"बाई, पडाल. मागे बघा."

"मागे बघायचं नसतं. अजून दोन पायऱ्या आहेत." बाईंनी त्या दोन पुऱ्या केल्या. गुडघा कट्‌कन वाजला. "तू विचारलं होतंस. उणे गुणिले उणे अधिक का, म्हणून."

तिने पिशवी खाली ठेवली. "दाराबाहेरची फरशी फुटलेली होती," ती म्हणाली. "तासभर भेगा मोजल्या. नऊ होत्या."

बाई खाली आल्या आणि शून्यापासून पुन्हा सगळं करून दाखवलं. मग ती स्वतः उभी राहिली, जड बुटांनी, तोंड खाली, पावलं मागे. सहावर पोचली. बोटाने पायऱ्या मोजल्या. आणि तिचा हात हलला. कोपरापर्यंत आला, थांबला, मग सरळ वर गेला.

"बाई, विचारू?"

"विचार."

"एक उणे तोंड फिरवतं, दुसरं पावलं फिरवतं. चिन्ह एकच, मग कामं दोन कशी?"

बाईंच्या जिभेवर शब्द आला: नियम. सव्वीस वर्षांपूर्वीचाच, तसाच्या तसा. त्यांनी तो गिळला. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

ती हसली. "एवढंच तेव्हा म्हणाला असतात तर मी आत बसले असते की, बाई." पिशवी उचलून वर गेली. संध्याकाळी लिफ्ट सुरू झाली. जाताना तिने शून्याच्या पायरीवर खडूने आपला फोन नंबर लिहिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी हात मोजले. एक्केचाळीस. तिसऱ्या बाकावरचा मात्र आता ताठ होता. बाईंनी चष्मा पुसला नाही.

आणि साडेचारला वहिनी, जिन्यातली भेट कानावर आल्यामुळे, लिफ्ट चालू असून मुद्दाम जिन्याने आल्या. बघतात तर बाई पुन्हा मागे मागे वर चाललेल्या.

"काय हे, बाई! त्या मुलीला सांगून झालं ना सगळं? आता कसलं भूत उरलंय?"

बाई न थांबता म्हणाल्या, "तिने दुसरा प्रश्न विचारलाय, वहिनी. पहिल्याला सव्वीस वर्षं लागली; ह्याला गुडघे पुरायला हवेत. सरका, तुम्ही शून्यावर उभ्या आहात."