घावनं कोणी घातली?

आमच्या घरात खोटं कोणीच बोलत नाही. फक्त पाहुणे आले की बोलतो, तेही ठरवून.

त्या रविवारी मांडवीला आमच्याकडे केळशीचे लोक ताईला बघायला येणार होते. मुलगा बोटीवर 'ऑफिसर'. ताईला तो फोटोतच आवडलेला, त्यामुळे काही बिघडून चालणार नव्हतं. अडचण एकच. ताईचं घावन तव्याला असं चिकटतं, की पाहुण्यांपुढे तवाच ठेवावा लागेल! म्हणून ठरलं, घावनं काकूने घालायची, आतच बसायचं, आणि बाबांनी म्हणायचं, "सगळं मुलीनेच केलंय हो!" (खोटं बोलले की बाबांचे कान लाल होतात. बिचारे सकाळपासून आरशासमोर तालीम करत होते.)

पाहुणे आले. घावनं आली. बाबांनी वाक्य म्हटलं. कान म्हणजे पिकल्या मिरच्या! ते कोणाला दिसू नयेत म्हणून मी घाईघाईत बोललो, "एक कोडं घालू?"

(मला तेव्हा असल्या कोड्यांचं वेड होतं. त्यातून मला नकलाही करता येतात. दोन्ही रोग एकदम उसळले.)

"दोघे भाऊ. एक कायम खरं बोलतो, हे आमचे बाबा!" मी बाबांसारखा खाकरलो. "दुसरा कायम खोटं, हा आमचा काका!" लगेच काकाचा आवाज, "अरे, खाडीत होडीएवढा मासा बघितलाय मी!"

पाहुणे खो खो हसले. मी फुगलो.

"आता कोण खरा, कोण खोटा, ते आपल्याला ठाऊक नाही. प्रश्न एकच विचारायचा. खरं कसं काढाल?"

"कसं रे?" मुलाच्या आईने डोळे बारीक केले.

"एकाला विचारायचं, दुसरा काय सांगेल? जे उत्तर येईल, त्याच्या उलट ते खरं!"

ताटली खाली ठेवून बाई काकाकडे वळल्या. "काय हो, घावनं मुलीनेच घातली का, असं तुमच्या भावाला विचारलं तर काय सांगतील?"

"हो म्हणतील!" काका उखडूनच बसला होता. "सकाळपासून तेवढंच तर पाठ करतोय तो!"

"म्हणजे त्याच्या उलट, नाही!" बाईंनी हिशेब केला.

"अहो, कोड्यातलं आहे ते..." मी सारवासारव करायला गेलो.

"म्हणजे मी खोटारडा होय रे मेल्या?" काका गरजला.

तेवढ्यात काकू उलथनं घेऊन बाहेर. "आणखी चार घालू काय?"

संपलं! ताईचे डोळे भरलेले. मला तिच्याकडे बघवेना. तीच शेवटी म्हणाली, "मला घावन येत नाही. चिकटतं."

"मला येतं की," इतका वेळ गप्प बसलेला मुलगा बोलला. "बोटीवर मी स्वयंपाकच करतो."

आता कान त्याच्या आईचे लाल!

लग्न ठरलं. केळशीहून अट एकच आली, मांडवात भावाने तोंड उघडायचं नाही.

"गप्प बसशील ना रे?" बाबांनी विचारलं.

"बसेन! शप्पत!"

सगळ्या घराने मुकाट्याने उत्तर उलटं धरलं.