मुलचेरा रोडवरचं नसलेलं झाड

"पिऊनच होता हा, मॅडम. तुम्ही रिपोर्टमध्ये तसं लिहून टाका," गाडीमालक मला बल्लारपूरच्या गॅरेजमध्ये ऐकवत होते. समोर त्यांची टॅक्सी उभी होती, नाक चेपलेली. बाजूला ड्रायव्हर रामदासभाऊ, मान खाली घालून.

मी इन्शुरन्स सर्व्हेअर. म्हणजे अपघात झाला की गाडीचं नुकसान पाहायचं, ते कशानं झालं हे ठरवायचं आणि कंपनीला रिपोर्ट द्यायचा. ड्रायव्हर प्यायला होता की नाही, हे बंपर सांगत नाही. तसं मी मालकांना तोंडावर सांगितलं, आणि दारू लिहिली तर क्लेम तुमचाच बुडेल, हेही. माझं तोंड जरा फटकळच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत रामदासभाऊ शांताबाई नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या कुटुंबाला भाऊबीजेसाठी मुलचेऱ्याकडे घेऊन चालले होते. वाटेत जंगलात गाडी झाडावर आदळली, असं त्यांनी सांगितलं. शांताबाईंचं मनगट मोडलं, बाकीचे खरचटण्यावर वाचले. आता मालकांचा प्रश्न असा, की रस्ता सरळ, कोरडा, दिवसाउजेडीची वेळ, मग झाड मध्ये आलंच कसं? नक्कीच मोहाची घेतली असणार. रागाच्या भरात ते पोलिसांत तक्रार करायला निघाले होते. नोकरी तर जाणारच होती, पण रामदासभाऊंना लायसनचीच धास्ती होती. उभ्या आयुष्यात त्यांनी गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

मी गाडीपुढे उकिडवी बसले. खोडावर आदळलेल्या गाडीला उभा खड्डा पडतो आणि कुठे ना कुठे साल चिकटते. इथे साल नव्हती. खड्डा खाली होता, आडवा आणि रुंद. बंपरच्या फटीत काळे, राठ केस अडकले होते. मी चिमट्यानं दोन ओढून काढले.

"रामदासभाऊ, तुमच्या झाडाला केस होते काय?"

त्यांचा चेहरा उतरला. "बाई, पाय धरतो तुमचे, लिहू नका. डुक्कर होतं, रानडुक्कर. एकदम आडवं आलं. मेलंच असन."

"मग झाड काऊन सांगितलं?"

"फॉरेस्टवाले शिकारीची केस लावतीन ना! झाड कोनाले सांगाले जाते?"

शांताबाई हाताला प्लास्टर घालून तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. उपचाराच्या खर्चाचं विचारायला आल्या होत्या बिचाऱ्या. त्या मध्येच बोलल्या, "त्याले काही बोलू नका. आम्हीच म्हटलं, झाड सांग म्हनून. गाडीतल्या सगळ्याइनं शपथ घेतली."

मला हसावं की रागवावं कळेना. आमच्याकडे माणूस पोलिसाला एक वेळ भिणार नाही, पण फॉरेस्टची हिरवी वर्दी दिसली की घाम फुटतो. "अरे बाप्पा, काय डोकं चालवलंत! शिकारीच्या भीतीनं दारूची केस ओढवून घेतली!"

मग त्यांना नीट समजावलं. जनावर आडवं आलं, धडक बसली, तुम्ही ते जाऊन कळवलंत, तर तो अपघात. तुमचा वेग किती होता हे विचारतील, तेवढं खरं सांगा. मेलेलं जनावर गाडीत टाकून नेलं, तर मात्र शिकार. शांताबाईंनाही सांगितलं, की हाड मोडलं असेल तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही भरपाई मागता येते, वकिलाला भेटा, दवाखान्याचे कागद जपा. आणि मालकांकडे वळून म्हटलं, "तुम्ही आज तक्रार नाही करायची. आज सगळे मिळून खरं सांगायला जायचं."

मालक कुरकुरले, पण आले. आधी पोलीस, मग फॉरेस्ट. दुपारी आम्ही फॉरेस्ट गार्डसोबत त्या जागेवर पोचलो. काचेचा चुरा होता, ब्रेकचे काळे पट्टे होते, पण मेलेलं डुक्कर कुठेच नव्हतं. रामदासभाऊ घामानं भिजले. आता डुक्कर नेलं म्हणून आपल्यालाच धरतील, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. गार्ड खाली वाकून पाहत झुडपात शिरला, नाल्यापर्यंत गेला आणि हसतच परत आला.

"काऊन घाबरून राह्यले, भाऊ? तुमचं डुक्कर उठून गेलं. जरासं लंगडते, पन नाल्यापल्याड पाय उमटले आहेत त्याचे."

"मेलं नाई?"

"तुम्ही थांबून पाह्यलं काय?"

"मांगं वळून पाह्यलंच नाई, साहेब. शांताबाईले घेऊन सरळ दवाखान्यात पळालो."

रामदासभाऊ रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि पोरासारखे रडले. मालकांनी पाण्याची बाटली नेऊन त्यांच्या हातात दिली. मलाही फार हलकं वाटलं, खोटं काऊन बोलू!

पंचनामा झाला. रामदासभाऊंनी आधी झाड का सांगितलं, हेही मी रिपोर्टमध्ये लिहिलं. कंपनीनं भरपूर प्रश्न विचारले, पण क्लेम पास झाला. तक्रार झालीच नाही. गाडी दुरुस्त होऊन आली तशी मालकांनी चावी रामदासभाऊंनाच दिली.

जंगलातून जाताना हळू चालवा. धडक झालीच, तर आधी जखमीला सांभाळा, जागेचे फोटो काढा आणि जे झालं तेच सांगा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरच्यांना घेऊन हेमलकशाला गेले. ड्रायव्हर रामदासभाऊच. गाडी अशी हळू, की एक गाय आमच्या बाजूनं चालत पुढे निघून गेली.

"भाऊ, गाय ओव्हरटेक करून गेली!"

"जाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "तिले कुठी लायसनची काळजी!"