कांद्याला सावली

उपटलेला कांदा कुणी उन्हात उघडा टाकत नाही. एका ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीनं झाकतात, म्हणजे ते करपत नाहीत. आज झाकता झाकता माझी वेणी पुढं आली. शेंडा मक्याच्या कणसाच्या केसांसारखा तांबडा आणि खरबरीत झाला होता. मी पातीकडे पाहिलं, वेणीकडे पाहिलं आणि मला रागच आला.

दुपारी घरी जाऊन भाकरी खाल्ल्यावर मी केसांना खोबरेल लावलं, अंबाडा घातला आणि वर ह्यांचा जुना सुती फेटा घट्ट बांधला. नायलॉनचा पदर वाकलं की घसरतो, आणि त्यातून ऊनही आत येतं.

परत रानात आले तशा थोरल्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नवरा जाऊन तीन वर्षं झाली. आता कुणासाठी राखतेस गं केस?"

बायका हसल्या.

मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी हातातला कांदा पुढं धरून म्हणाले, "अक्का, ह्याला तरी कुठं नवरा आहे? त्याला झाकताच ना?"

या वेळी बायका जास्त मोठ्यानं हसल्या. अक्का हसल्या नाहीत.

लग्नाच्या कितीतरी आधी आई माझी वेणी घालायची. तेव्हाही हे केस माझेच होते. ह्यांच्याबरोबर ते कसे जातील?

फेट्याला तेलाचा डाग पडलाय. धुऊन दोरीवर टाकलाय. उद्याही बांधणार आहे. इथं वहीत लिहून ठेवते, म्हणजे सकाळी मला लाजून माघार घेता येणार नाही.