अर्धी पळी औषध

अपूर्णांक शिकवून झाले की मी लेखी परीक्षा घेत नाही. पोरं उत्तरं घोकून येतात आणि त्या घोकंपट्टीनं माझं डोकं फिरतं. म्हणून त्या दिवशी रामाकोन्याजवळच्या आमच्या शाळेत मी टेबलावर पाण्याची बादली, ग्लास, वाट्या, चमचे मांडले आणि चौथीच्या पोरांना मापायला लावलं.

अर्धा ग्लास, पाव वाटी सगळ्यांना जमलं. मग मी मुद्दाम फसवायला विचारलं, "अर्धा ग्लास जास्त का अर्धा चमचा?" पोरं हसली. एक पोरगी तेवढी हसली नाही.

"सारखंच, मॅडम. अर्धं म्हणजे अर्धंच असते ना."

ही चूक मला नवी नव्हती. अर्धं कशाचं, हे पुष्कळ पोरं बघतच नाहीत. "अगं, डोळ्यानं पाहून तरी सांग," मी म्हटलं.

मलाच कळत नाही असं वाटून ती समजावू लागली. "माह्या लहान्या भावाच्या सर्दीच्या औषधाचं झाकण हरपलं. डाक्टरनं अर्धं झाकण सांगतलं होतं. मंग मी भाजीच्या पळीनं अर्धी देऊन राहिली."

मी हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"कधीपासून देते?"

"कालपासून. रडला का मी देते. आता रडतच नाई, नुसता झोपून राहते."

आईबाप संत्री तोडायला गेलेले, घरी फक्त आजी. तिला दिसत नाही, म्हणून औषध या पोरीकडे. सकाळी शाळेत येतानाही पाजून आली होती.

वर्ग तसाच टाकून मी तिला गाडीवर मागे बसवलं आणि तिचं घर गाठलं. बाळ आजीच्या मांडीवर होतं, मान एका बाजूला पडलेली. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, डोळा उघडेना. "झोपू द्या न, बाई," आजी म्हणाली, "लय दिवसांनी निवांत झोपला." मला असा संताप आला, आणि कोणावर काढू तेच सुचेना.

शेजाऱ्यानं त्याची चारचाकी काढली. सौंसरच्या दवाखान्यापर्यंत मी बाळाच्या नाकापाशी बोट धरून जामसांवलीच्या हनुमानाचं नाव घेत होते. औषध किती दिलं ते डॉक्टरांना सांगितलं. ते बाळाला घेऊन तडक आत गेले.

पोरगी माझ्या ओढणीचं टोक धरून बाकाशी उभी राहिली. काय झालंय ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

बऱ्याच वेळानं आतून रडण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग चांगला खणखणीत. नर्स दारात येऊन म्हणाली, "रडू द्या त्याले, आता भेव नाई." मी बाकावर बसले.

पोरगी माझ्या कानाशी आली.

"मॅडम, तो रडून राहिला. आता किती देऊ?"