खातूनच्या मकबऱ्याशेजारी

देवयानीताई आमच्या शंकर नगरातल्या गल्लीत माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात. माहेर वर्ध्याचं. लग्न होऊन रायपूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. यजमान उदयराव रेल्वेच्या ऑफिसात. मुलगी अबोली शिकली, फर्निचरचं डिझाईन करायला लागली आणि नोकरीसाठी तुर्कस्तानातल्या कैसेरी नावाच्या शहरात गेली.

अबोली कॉलेजात होती तेव्हाच ताईंच्या सासूबाईंना, शांताबाईंना, अर्धांगवायू झाला. तेव्हापासून देवयानीताईंचं आयुष्य त्या एका पलंगाभोवती फिरत राहिलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायची, पातळ खिचडी चमच्याने भरवायची, चादरी धुवायच्या. रात्रीतून दोन-तीनदा उठणं तर ठरलेलंच. शांताबाई वाईट नव्हत्या. वाचा अर्धी गेली होती, पण "देवयानी" एवढं स्पष्ट म्हणता यायचं आणि तेवढंच दिवसभर म्हणायच्या.

गेल्या फाल्गुनात त्या गेल्या. तेरावं झालं, पाहुणे परतले. मी म्हटलं, "ताई, आता जरा आराम करा."

"करून राहिली न," त्या म्हणाल्या. पण अंधार असतानाच त्यांच्या घरातला दिवा लागायचा आणि नळाचा आवाज यायचा. चेहरा अगदी उतरून गेला होता.

अबोलीनं फोनवर हे ओळखलं आणि विचारायच्या आधीच तिकीट काढून टाकलं. उदयराव म्हणाले, "जाऊन ये. माझ्या जेवणाचं मी पाहतो, शेजारी भाभी आहेच." भाभी म्हणजे मी. गल्लीतल्या बायकांनी तिकडचे रंगीत दिवे मागवले, कोणी म्हणालं तिकडे माणसं घेऊन उडणारे मोठे बलून असतात, त्यात नक्की बसा. ताई सगळ्यांना हो म्हणाल्या. पुढचं त्यांनी परत आल्यावर मला सांगितलं.

कैसेरीला पोचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अबोलीचं स्वयंपाकघर घासून काढलं. तिसऱ्या दिवशी पडदे धुतले. अबोली वैतागली.

"मम्मी, तू इथे कामवाली बनून आली काय? बैठ ना थोडी देर!"

"बसून काय करू? बसलं की अंग दुखते."

रविवारी अबोली त्यांना शहर दाखवायला घेऊन निघाली. दुकानं, पूल, उंच इमारती, आणि वाहत्या रस्त्याच्या ऐन मध्यावर एक जुना दगडी मकबरा. गोल अंग, वर टोकदार दगडी टोपी. दोन्ही बाजूंनी बसगाड्या हॉर्न देत जात होत्या. भिंतीवर सिंह कोरलेले, एक झाड, दोन डोक्यांचा गरुड. चेहरे झिजून गेलेले. अबोली म्हणाली, "याला फिरता मकबरा म्हणतात, फिरत नाही तरी. इथल्या जुन्या सेल्जुक राजघराण्यातल्या शाह जहान खातून नावाच्या बाईचा. सातशे वर्षांवर झाली."

"शहाजहान? ताजमहालवाला?"

"नाही गं, ही बाई. त्याच्या खूप आधीची."

ताई भिंतीकडे पाहत राहिल्या. मग विचारलं, "गेली कशानं ही?"

"मला नाही माहीत."

"आजारी असेल तर उशाशी कोण होतं हिच्या?"

अबोलीला हसू आलं, पण आईचा चेहरा पाहून तिनं ते आवरलं. इतक्यात तिच्या ऑफिसातून फोन आला. काहीतरी अडलं होतं, जाणं भाग होतं. जवळच एक बाक होता. "इथेच बस, कुठे जाऊ नकोस, मी आलेच," म्हणून ती गेली.

ताई बसल्या. पर्स मांडीवर धरली. सिंहांकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं. थंड वारा होता, पण ऊन अंगावर बरं वाटत होतं. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी येऊन बसली आणि विणकाम काढलं. एवढंच त्यांना आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन पार कलून गेलं होतं. अंगावर कोणाचा तरी जाड कोट होता. त्या धडपडून उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आईंची कूस बदलायची राहिली!"

समोर अबोली उभी होती. ती केव्हाच परत आली होती. म्हातारीनं ओठांवर बोट ठेवून तिला थांबवलं होतं, म्हणून तिनं उठवलं नव्हतं. कोट म्हातारीचाच होता. ती स्वतः नुसत्या स्वेटरवर इतका वेळ पर्स सांभाळत बसली होती.

"मम्मी, आजी नाही आता," अबोली हळूच म्हणाली.

ताईंना रडू फुटलं. सासूबाई गेल्या त्या दिवशी पाहुण्यांच्या चहापाण्यात रडायचं राहूनच गेलं होतं. म्हातारीनं त्यांचा हात धरला आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. अबोलीनं मोडक्यातोडक्या तुर्कीत सगळं सांगितलं. म्हातारीनं काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारतेय, घरी अजून कोणी आजारी आहे का?"

"नाही," ताई म्हणाल्या. मला सांगताना त्या इथे थांबल्या. म्हणाल्या, "भाभी, मले तोवर हे सुचलंच नव्हतं पहा. की घरी आता कोणीच आजारी नाही."

नंतर त्या रोज एकट्याच चालत त्या बाकावर जाऊ लागल्या. कधी डोळा लागायचा, कधी नाही. ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. बलूनमध्ये त्या काही बसल्या नाहीत, दिवे मात्र आणले.

परत येऊन पंधरवडाही झाला नसेल, नागपूरहून नणंदेचा, विजयाचा फोन आला. शांताबाईंचे तिथेच राहणारे धाकटे भाऊ यशवंतराव पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. बायको नाही, मुलगा स्वानंद परदेशी. "वहिनी, मामाजीले तुमच्याकडेच रायपूरले पाठवतो. तुम्हाले सवय आहे न."

फोन स्पीकरवर होता. उदयराव "हव, पाठवून दे" म्हणायच्या बेतातच होते.

"मी नाही करणार, विजया," ताई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर उदयराव म्हणाले, "काहून नाही म्हटलं? म्हातारा माणूस आहे. मायचा सख्खा भाऊ."

"तुम्ही सुट्टी घेऊन करत असाल तर आणा. मी दोन वेळा भाकरी टाकून देईन."

"मले कुठं येते ते सगळं?"

"मले तरी कुठं येत होतं?"

दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. भिंतीपलीकडून नुसते भांड्यांचे आवाज यायचे. तिसऱ्या दिवशी ताईंनीच नागपूरच्या ओळखीतून अंजनाबाई नावाची एक बाई शोधली, दिवसरात्र रुग्णाजवळ राहणारी. पैसे स्वानंद पाठवणार असं ठरलं. ताई स्वतः नागपूरला गेल्या, अंजनाबाईंबरोबर चार दिवस मामाजींजवळ राहिल्या. विजयानं चहा दिला, पण समोर बसली नाही.

निघायच्या दिवशी त्या मामाजींच्या पाया पडल्या. त्यांनी विचारलं, "थांबत नाहीस न तू?"

"नाही मामाजी. येत जाईन मधून मधून."

मामाजी म्हणाले, "थकलेली दिसतेस पोरी."

"हो मामाजी. थकली मी." सासरच्या माणसाला हे त्या पहिल्यांदाच सांगत होत्या.

"मग जा," ते म्हणाले, आणि अंजनाबाईंना हाक मारून पाणी मागितलं.